येरणझरीचं टेसन कोसमटोल्यात

…नाई, पाटी आमचीच हाय! मी कुठी नाई म्हणतो? लोखंडाची पाटी, तिच्यावर "येरणझरी" लिवलं हाय, मास्तरनं सोता वाचून दाखवलं. पण पाटीच्या खालची जमीन? थे कोसमटोल्याची! फलाट कोसमटोल्याचा, मोहाचं झाड कोसमटोल्याचं, आन् आमचं गाव? थे तिकडं, बोडीच्या तळ्याच्या पल्याड, धानाच्या बांध्यायच्या धुऱ्यावरून तोल सांभाळत जा तवा लागते! आता मले सांगा, टेसन कोणाचं?

काऊन असं झालं, विचारा ना. तुमाले सांगतो, माया आज्याच्या वक्ताले टोपीवाला साहेब आला. म्हणे, "टेसन बांधाचं हाय, जमीन द्या." आमचे बुढे म्हणत, "नाई जमत साहेब. आम्ही ढिवर मानसं, मासोळ्यायवर पोट. तुमच्या गाडीच्या आवाजानं मासोळ्या पळून जातीन." साहेब म्हणे, "बोडीतून पळून कुठी जातीन?" पण बुढ्यायनं जमीन नाई देली म्हणजे नाई देली! कोसमटोलेवाले लगेच पुढं, "आमची घ्या!" तवापावेतो आमच्या नावाची पाटी बनून आलती. साहेब म्हणे, लोखंड वाया कसं घालू? ठोकली तिथीच!

इंग्रज गेला, गाडी सरकारची झाली, पाटी तशीच.

बाकी सोय म्हणाल तं गजब सोय हाय बाप्पा! मास्तर एकच. तिकीट थोच देते, रुळाचा तुकडा ठोकून घंटा थोच वाजवते, हिवताप आला तं कडू गोळी थोच देते. बसाले मोहाचं झाड. सिंदेवाहीकडून छोटी गाडी येते डुलत डुलत, डायवर इंजनातलं गरम पाणी देते, भुकटी टाकली का चहा तयार. पण टेसन कोणाचं, थे कोणी सांगत नाई!

आता तुम्ही म्हणान, इस्तारीभाऊ, तुमाले काय करा लागते? कोणाचं का असंना! अजी, मायी पोरगी वच्छला लग्नाची झालती ना! तळोधीचे वारलूभाऊ पोरासाठी तिले पाह्याले येनार. मूल गावच्या बाजारात म्या त्यायले सांगितलं, "येरणझरी टेसनवर उतरा, कोणालेही विचारा." कोणालेही विचारा! तोंडात माती पडो माया!

आमच्याकडं रीत हाय. पाव्हण्याच्या पायावर ज्यानं पह्यलं पाणी घातलं, पाव्हणा त्याचा. जेवण बी त्याच्याच घरी. दुसरीकडं जेवला तं पाणी देनाऱ्याचा अपमान. म्हणून मी इकडं अंगणात पाण्याचा लोटा भरून बसलो. मायी बायको गिरजीनं मरळ मासोळीचा रस्सा केला, वडे तळले. शिटी आयकू आली. गाडी गेली. धूर बी विरला. पाव्हणे? नाई!

तेवढ्यात बोडीवरून आला टेसनचा हमाल खुशाल. म्हणे, "इस्तारीभाऊ, तुमचे पाव्हणे पोहोचले."

"कुठी हायेत?"

"सोमाजीच्या घरी. जेवले. आता पान खाऊन राह्यले."

सोमाजी म्हणजे कोसमटोल्याचा, आमच्याच जातीतला, त्याचं अंगण फलाटाले लागून! पाव्हण्यायनं विचारलं, "येरणझरी हेच का जी?" सोमाजी म्हणे, "टेसन येरणझरीचंच हाय ना! उतरा, पाय धुवा!" आन् त्याचीही पोरगी होती, कमळा! पळत गेलो तं वारलूभाऊ हात जोडून म्हणते, "काय करू भाऊ, पाणी घेतलं त्यायच्या घरचं. आता तुमच्या घरी कसं जेवू? आन् पोरगी बी पसंत पडली."

सोमाजीले म्या म्हटलं, "अरे, पाव्हणे माये होते!" थो म्हणे, "उतरले कोणाच्या जमिनीवर?" म्या म्हटलं, "पाटी कोणाची हाय?" थो म्हणे, "पाय पाटीवर धुते का कोणी?"



घरी आलो तं वच्छला नव्या लुगड्यात तशीच बसली होती. जीव तुटला माया, खरं सांगतो.

मग दुसरं स्थळ आलं, नागभीडकडचं. म्या म्हटलं, आता नाई सोडत! लोटा, परात, गंजभर पाणी घेऊन सरळ फलाटावर! मास्तर वरडला, "अरे बाबा, ये स्टेशन है या नहानी?" म्या म्हटलं, "तुमी तुमची घंटा वाजवा!" गाडी आली. एक उंच पोरगा उतरला, डोक्याले पांढरा फेटा, हातात टिनाची पेटी. नवरदेवच सोता आला! धरले पाय, घातले परातीत, रगडून रगडून धुतले! थो "अजी, अजी" म्हणून राह्यला, म्या आयकलंच नाई. सोमाजी अंगणातून पाह्यतच राह्यला!

घरी आनला. पोट भरून जेवला बेट्टा. तिसऱ्यांदा भात घेतला. मग हळूच विचारते, "बाबा, ह्या टेसनवर नव्या मानसाचं रोजच असं करतात का?"

"नव्या मानसाचं म्हणजे?"

"मी नथ्थू. इथी पाइंटमन म्हणून बदली झाली मायी."

आन् खरे पाव्हणे? अजी, थे गाडीत झोपले, पुढं मूलले जागे झाले!

मी कपाळ धरून बसलो. पण आतून गिरजी खुणावून राह्यली, जात विचारा, जात! विचारली. आमच्यातलाच निंगाला, ढिवर! आन् लग्न? म्हणे, नाई झालं. दाराआडून वच्छला फिस्सकन हासली. आता पाणी तं म्याच घातलं होतं. वापस कसं घ्याव?

झालं लग्न. पण आमच्या गिरजीची एकच हौस. पोरगी सासरी निंगाली का माय टेसनवर रडते, गाडी सुटते, पोरगी खिडकीतून हात हालवते. सगळ्यायच्या पोरी गेल्या तशा. मग मायी काऊन नाई, म्हणे? पण जावयाले रेल्वेची खोली भेटली टेसनातच! फलाटाच्या टोकाले, सोमाजीच्या अंगणाले लागून! तरी गेलो तिकीट घ्याले. मास्तर म्हणे, "कहाँ से कहाँ?"

म्या म्हटलं, "येरणझरीहून येरणझरी."

मास्तरनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ऐसा टिकट नहीं होता, इस्तारी."

मग काय! पुढच्या टेसनचं घेतलं, दोघायले गाडीत बसवलं. गिरजी रडली! काय रडली! सोमाजीची बायको बी रडली, तळोधीले देलेली कमळा आठवली तिले. संध्याकाळच्या गाडीनं पोरगी वापस उतरली, अन् गिरजीचं रडणं अजून चालूच! वच्छला म्हणे, "मायबाई, घरी जा ना आता. मले सैपाक करा लागते."

तवापासून मी रोज बोडीवर जाळं टाकतो अन् टेसनकडं पाह्यतो. लोक विचारते, "इस्तारीभाऊ, पोरगी कुठी देली?" अजी, काय सांगू? वर पाटीकडं पाह्यलं तं पोरगी माहेरी हाय, खाली जमिनीकडं पाह्यलं तं सासरी… आता मी आपला जाळ्याकडंच पाह्यतो.