वाढलेलं नख

विमलकाकू : दहाच्या दहा काढ. एकही मागे ठेवायचं नाही.

शिवम्मा : काकू, बसवून पंधरा दिवस नाही झाले. कारण तरी सांगा.

विमलकाकू : बोटं माझी आहेत. मला 'कारणे दाखवा' नोटीस काढतेस का?

शिवम्मा : खालची नखं तुमची. वरची माझी. सामाईक मालकी आहे.

विमलकाकू : मग तुझ्या वाट्याची तू घेऊन टाक.

अप्पा : शिवू, आधी ताईला टेकू दे. ताई, चहा सांगू? पाणी मातर मागू नका. लातुरात सध्या चहा मागितला तर मिळतोय, पाणी मागितलं की माणूस दुसरीकडं बघतंय.

विमलकाकू : काही नको, गुरुलिंगअप्पा. तुम्ही तुमच्या बांगड्यांपाशी बसा. माझं काम दुकानाच्या ह्या अर्ध्यात आहे. तेही आज संपतंय.

अप्पा : आता काय केलीस गं पोरी?

शिवम्मा : काही नाही. काकूंचा काल फोन आला, मी दर सांगितला. डावा हात द्या, काकू. बोटावर औषधाचा कापूस ठेवते, वरून चांदीचा कागद गुंडाळते. वीस मिनिटं हलायचं नाही. उजवा?

विमलकाकू : उजवा नंतर. पदरात बरा आहे तो.

शिवम्मा : पैसे पडतील म्हटलं, त्याचा राग आला ना?

विमलकाकू : लातूर जिल्हा झाला, तेव्हापासून मी ह्या दुकानात हात देते आहे.

शिवम्मा : तीच तर अडचण आहे. ह्या गावात प्रत्येक बाई अप्पांचं जुनं गिऱ्हाईक. जुन्यांना फुकट करायचं ठरलं, तर पैसे देणारी बाई मला देगलूरहून आणावी लागेल.

विमलकाकू : मी देगलूरचीच.

शिवम्मा : बघा. तीपण जुनीच निघाली.

अप्पा : मी कधी घेतलो का पैसे? नेमाच्या बाईची बांगडी वाढली, की दुसरी भरायची. तिनं पर्स उघडली तर आपण छताकडं बघायचं.

शिवम्मा : तुमची बांगडी दोन मिनिटांत चढते, अप्पा. माझं नख पाऊण तास घेतं. घासा, लावा, दिव्याखाली ठेवा, परत घासा. तुमच्या बांगडीला लाईट लागत नाही. लाईट गेली की तुम्ही बांगड्या भरता आणि मी वारा घालते.

अप्पा : माझा बाप बहात्तरच्या दुष्काळात डोक्यावर टोपली घेऊन खडीच्या कामावर जायचा. ती बघितली असतीस तर बोलली नसतीस. बाया उन्हात खडी फोडायच्या. हातोडा जरा निसटला की बांगडी वाढायची. बाप तिथंच ढेकळावर बसून नवीन भरायचा. एक बाई म्हणाली, मामा, पैसं न्हाईत. बाप म्हणाला, मलाबी कुठं हायेत, हात पुढं कर.

शिवम्मा : म्हणजे धंदा दोघांचाही बुडीत.

अप्पा : हाव. पण लई मजेत बुडीत. दिवसभर फोडायचंच काम होतं त्या बायांचं. खडी फोडली म्हणायच्या, ढेकूळ फोडलं म्हणायच्या. बांगडीला मातर तो शबुद कुणी लावला न्हाई.

विमलकाकू : आमच्या ऑफिसातही नाही. नवा जिल्हा, नवी मी. देगलूरहून ट्रंक घेऊन आले, तर ऑफिसात टेबलं आली होती आणि खुर्च्या यायच्या होत्या. आम्ही चौघी फायलींच्या गठ्ठ्यांवर बसायचो. एक फाइल मागितली की एक बाई उठायची.

शिवम्मा : आणि फाइल?

विमलकाकू : फाइल बसून चपटी झालेली. कागद सगळे उस्मानाबादचे. वरचं उस्मानाबाद खोडायचं, खाली लातूरचा शिक्का मारायचा. शिक्का नवा होता, उठायचा नाही, म्हणून असा जोरात मारायचा. धप्. दिवसाला दोन बांगड्या वाढायच्या माझ्या.

अप्पा : मी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात पेटी घेऊन बसायचो. शिपाई म्हणायचा, इथं विक्री मना हाय. मी म्हणायचो, विक्री कुठं करून राहिलो बाबा, फुकटच द्यायलो. त्यानं लई विचार केला आणि आपल्या बायकोचं माप आणून दिलं.

विमलकाकू : हिरव्या रेशमी बांगड्या. भरून झाल्या की मी तुम्हाला नमस्कार करायचे. सव्वादोनचं माप. तुम्ही कधी विचारलं नाहीत, हात बघूनच काढायचात.

अप्पा : आता पावणेतीन लागंल.

विमलकाकू : आता काहीच लागत नाही, अप्पा.

अप्पा : चुकलो. तोंडाला सवय हाय.

शिवम्मा : डावा हात झाला, काकू. पाच निघाली. आता उजवा द्या.

विमलकाकू : घे.

शिवम्मा : थांबा. हे मधल्या बोटाचं तुटलंय की! अर्ध्यातून गेलंय. कशानं?

विमलकाकू : काढलासच शेवटी तो शब्द तोंडातून. टँकर आला, लोकांनी ड्रम ओढले, माझी घागर मध्ये सापडली.

शिवम्मा : पण काल फोनवर तुम्ही म्हणालात, नख वाढलं.

विमलकाकू : म्हणालेच. आजही म्हणते.

शिवम्मा : काकू, वाढलेलं नख म्हणजे लांब झालेलं. ते वाढलं की मुळाशी फट पडते, ती भरून द्यायचे मी पैसे घेते. तुटलेलं फुकट करते. फळ्यावर लिहिलंय. "तुटल्यास फुकट, वाढल्यास पैसे पडतील." तुम्ही वाढलं म्हणालात, मी पैसे सांगितले.

अप्पा : अगं शिवे! कासाराच्या पोटची तू. बांगडी कधी फुटती का? बांगडी वाढती!

शिवम्मा : बांगडीचं माहीत आहे मला. पण नखपण वाढतं, अप्पा. फरक इतकाच, की नख खरंच वाढतं.

विमलकाकू : मला वाटलं, तू मुद्दाम म्हणालीस.

शिवम्मा : काय मुद्दाम?

विमलकाकू : "वाढलं तर पैसे, काकू. तुटलं असतं तर फुकट होतं." असंच म्हणालीस ना? मी फोन ठेवून दिला. म्हटलं, ही पोरगी मला सांगते आहे की तो अभद्र शब्द एकदा उच्चार आणि सूट घे. आणि सांगतंय कोण, तर अप्पांची मुलगी.

शिवम्मा : एका शब्दासाठी दहा नखं काढायला आलात?

अप्पा : शिवू, गप.

विमलकाकू : बोलू द्या तिला. तिला कुठं ठाऊक आहे? शिवू, हे गेले ना, त्या दिवशी नणंद माझ्यासमोर पाटा घेऊन बसली होती. बांगड्यांसाठी. तेवढ्यात तुझे अप्पा आले. चप्पल काढली आणि म्हणाले, म्या भरल्यात, म्याच काढीन.

शिवम्मा : अप्पा, तुम्ही कधी बोलला नाहीत.

अप्पा : ते काय दुकानात सांगायचं काम हाय?

विमलकाकू : हाताला तेल लावलं आणि एकेक उतरवली. माझे हात सुजलेले होते, वेळ लागला. नणंद घाई करत होती. अप्पा म्हणाले, घाई असंल तर तुम्ही जेवून या. एकही वाढू दिली नाही. त्या दिवशीसुद्धा माझ्या घरात तो शब्द कुणाच्या तोंडून आला नाही. आणि काल तू नखाच्या दुरुस्तीसाठी मागितलास.

शिवम्मा : मला नुसतं नख दिसत होतं, काकू.

विमलकाकू : मला नुसतं नख हवं असतं तर मी ह्या वयात कशाला आले असते? बांगड्यांचे नियम सगळ्यांना पाठ आहेत. कुणी घालायच्या, कुणी नाही. नखांचा नियम अजून कुणाला सुचलेला नाही. नणंदेनं पहिल्यांदा बघितली, तोंड उघडलं, नियम शोधला, शोधला, सापडला नाही. शेवटी म्हणाली, भात कालवताना अडत असतील.

अप्पा : अडतात का?

विमलकाकू : अडतात. पण ते मी तिला सांगेन का?

शिवम्मा : काकू, आता डावा हात मोकळा आणि उजव्यावर साडेचार. काय करू?

विमलकाकू : असा अर्धा हात घेऊन कुठं जाऊ? बसव परत.

शिवम्मा : सगळी फुकट. चूक माझी.

विमलकाकू : मुळीच नाही. काढायला मी लावली. नव्याचे पूर्ण पैसे घ्यायचे.

अप्पा : ताई, तुमच्याकडून पैसे घेतले तर मला जेवण जायचं न्हाई.

विमलकाकू : तुम्ही छताकडं बघा, अप्पा. फुकट घेतलं की भांडता येत नाही, आणि मला हिच्याशी अजून बरंच भांडायचं आहे.

शिवम्मा : मग असं करू. नवीन बसवलं की पैसे. दुरुस्ती फुकट. पण एक सोडवा. तुमच्याकडचं जे... ते झालं, की तुम्ही वाढलं म्हणणार. आणि खरंच वाढलं, म्हणजे लांब झालं, की काय म्हणणार?

विमलकाकू : मोठं झालं म्हणेन.

शिवम्मा : मोठं झालं? फोनवर? बाजूला कुणी ऐकलं तर ओटी भरायला येतील, काकू.

अप्पा : मी बाहेर बसतो.

विमलकाकू : बसा इथंच. एवढी हसले नव्हते कितीतरी दिवसांत.

शिवम्मा : फळा तेवढा पुसून घेते. "तुटल्यास" काढते. काय लिहू, अप्पा?

अप्पा : काय लिहू नकोस. नेमाच्या बाईला फळा लागत न्हाई, आणि बाकीच्यांना तू तोंडानं सांगतीसच, लई फटकन.

शिवम्मा : हात सरळ ठेवा, काकू. लाईट आहे तोवर उरकू.

(दिव्याचा निळा उजेड बराच वेळ. मग तो विझतो.)

शिवम्मा : झालं. बघा आता. अहो काकू, हे काय? मी लेकीएवढी आहे तुमच्या. अप्पा, बघा ना, ह्या मला नमस्कार करून राहिल्यात!

अप्पा : घे तो. लाजू नकोस.

शिवम्मा : पण कशाचा?

विमलकाकू : कशाचा म्हणजे? हात भरलास ना माझा.