वारा बघून बोलावलेले पाहुणे

अरे ऐका ना, काल बसमध्ये माझ्या पुढच्याच सीटवर दोघी बहिणी होत्या. थोरली रुसून गेलेल्या सुनेला माहेराहून आणायला निघालेली, आणि धाकटी त्याच गावात राहते म्हणून सोबतीला. काय बोलत होत्या सांगू?

"पण ताई, लग्नाआधी तिला घर दाखवलं होतंस ना?"

"दाखवलं की. वारा बघून बोलावलं होतं."

"म्हणजे?"

"अगं, आसपासच्या सगळ्या गावांतला घराघरांतला कचरा आमच्या मागच्या माळावर येऊन पडतो. वारा पलीकडे असला की काही कळत नाही. आमची अख्खी गल्ली पाहुणे बोलावते ते वाऱ्याला विचारून."

"आणि सून काय वाऱ्याला विचारून नांदणार होती?"

"वाटलं, होईल सवय. आम्हाला झाली. आता पोटुशी आहे, तर घोटभर पाणी पोटात ठरेना. म्हणते, बाळाला त्या घरात आणणार नाही."

"तिच्या माहेरचा कचरा कुठे जातो म्हणावं?"

"आमच्याकडेच येतो. पण भांडायला नाही चाललेय मी."

"मग काय सांगणार तिला?"

"फसवलं म्हणून माफी मागणार. दुसरं काय आहे माझ्याकडे?"

मग थोरलीनेच हळूच विचारलं, "खरं सांग, माझ्या अंगाला येतो का गं वास?"

"उतरलो की आधी माझ्याकडे चल, ताई. अंघोळ कर, माझे कपडे घाल. मग जाऊ तिच्याकडे."