शकुताईंनी दाखवलेलं घरटं

मंडळी, आपण सगळे आलात. सभागृह भरलंय. आधीच्या वक्त्यांनी शकुताईंबद्दल इतकं गोड सांगितलं, की मला कडूच बोलावं लागणार.

शकुताई टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. दर हिवाळ्यात एसटीने कोकणात जायच्या, समुद्रकाठच्या एकाच गावात. पक्षी बघायला. खाडीपासून किनाऱ्यापर्यंत, पायी. आपण सगळे पक्षीमित्र हसायचो. हसायचो ना? "ताई, जीपने एका दिवसात दुप्पट पक्षी दिसतात." त्या म्हणायच्या, "दिसतात हो. पण बघता कधी?"

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला बरोबर नेलं. सुरूच्या बनात, एका उंच झाडावर समुद्रगरुडाचं घरटं दाखवलं. आत पिल्लू होतं. म्हणाल्या, "तुला म्हणून दाखवलं. कुणाला सांगू नकोस गं."

मी सांगितलं. पुण्याला पोचायच्या आत आपल्या ग्रुपवर फोटो टाकला, जागेच्या नकाशासकट. किती अंगठे उमटले, आठवतंय? पुढच्याच रविवारी आपण गाड्या काढल्या. कुणीतरी झाडावर ड्रोन उडवला. नाव घेत नाही, ते समोरच बसलेत. नर-मादी उडाले. परतलेच नाहीत.

पंधरा दिवसांनी ताई तिथे पोचल्या. पिल्लू झाडाखाली मरून पडलेलं. त्यांनी मला फोन केला. "पिल्लू मेलं." एवढंच बोलल्या आणि फोन ठेवला. त्यानंतर त्या कोकणात गेल्याच नाहीत. आपण काय म्हणालो? वय झालं त्यांचं.

मी माफी मागायला शनिवार पेठेत त्यांच्या घरी गेले. दार उघडून म्हणाल्या, "या, बसा. चहा घेणार ना तुम्ही?"

तुम्ही! पंधरा वर्षं मला 'अगं' म्हणणारी बाई. चहा दिला. खराडीतल्या माझ्या नोकरीची चौकशी केली. जिन्यापर्यंत सोडायला आल्या. "सावकाश उतरा हं." माफी माझ्या तोंडातच राहिली. मी पुन्हा गेले नाही. धीर झाला नाही. आणि गेल्या आठवड्यात ताई गेल्या.

मघाशी सूचना आली, ताईंच्या स्मरणार्थ त्याच गावी सहल काढू या. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! त्या यादीत माझं नाव घालू नका. खरं तर यादीच करू नका.

आता उभे राहू या. दोन मिनिटं शांत. अहो, मागच्या रांगेतले... तो मोबाइल खाली घ्या.