प्रिंटर आणि माझी विशेष योग्यता

आमच्या बाबांचा प्रताप ऐका. जन्मभर सरकारी कंपनीत इंजिनिअर, पण घरात नवं वायफाय आल्यावर जुना प्रिंटर तीन दिवस जोडता येईना. वर मलाच सुनावतात, "कॉलेज सोडलेल्यानं हात लावू नये!"

शेवटी मीच राउटरमध्ये त्या म्हाताऱ्या प्रिंटरला पकडता येईल असं २.४ गिगाहर्ट्झचं वेगळं नेटवर्क चालू केलं. पाच मिनिटांत जोडला.

पहिलाच कागद काय निघावा? बिजौलीच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी माझा हिंदीतला अर्ज! मला न विचारता भरलेला. 'विशेष योग्यता' पुढे बाबांनी लिहिलेलं, 'कुछ नहीं'.

"सही कर. कारखान्यातले गुप्ताजी वाट बघतायत."

मी पेन घेतलं, ते खोडलं आणि लिहिलं, 'रिटायर्ड इंजीनियर का प्रिंटर जोड़ देता हूँ.'

म्हटलं, "द्या आता गुप्ताजींना."