शत्रूचं कोठार

दातांच्या दवाखान्यात निवृत्त ग्रंथपाल पुस्तक उघडून बसले होते. शेजारच्या वयस्कर जोडप्याचं बोलणं सुरू झालं आणि त्यांचं पान उलटायचं राहून गेलं.

“काल जिंकलात म्हणे,” बाई म्हणाल्या.

“जिंकणारच. दीडशे घोडेस्वार धुक्यातून नदी उतरले आणि त्याचं धान्याचं कोठार जाळून आले. अठराव्या शतकात असा छापा गाजला असता.”

“या शतकात त्याला जेवणाच्या टेबलावर शिशाची घोडी नाचवणं म्हणतात. आता पुढे?”

“पुढे काय? कोठार गेलं की मोहीम संपली. नियमच आहे.”

“वा, सरदार. तुमच्याशी भांडून तीन वर्षं मुलगा घराची पायरी चढला नव्हता. या खेळापायी दर रविवारी यायला लागला, तर खेळच संपवून त्याला पुन्हा पळवून लावलंत.”

“मग काय, हरायचं होतं?”

“छे, तुम्ही कशाला हराल? तेव्हाच्या भांडणातही तुम्हीच जिंकला होतात.”

“काय करू मग?”

“फोन करा. सांगा, परतताना आमचा सेनापती तुझ्या हाती लागला.”

“असं नियमात नाही.”

“नियम कोणी लिहिले?”

“मी.”

“मग आणखी एक लिहा. हात दुखत असेल तर मी लिहिते.”

नवरा फोन घेऊन दारापाशी गेला आणि हळूहळू परत आला.

“काय म्हणाला?”

“म्हणतो, सुटका हवी असेल तर सेनापतीनं आधी माफी मागावी.”

“आणि तुम्ही?”

“म्हटलं, रविवारी ये. समोर मागेल.”