मुळांना लागतात दोन दिवस

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर यायला अवकाश होता, म्हणून शिंपीणबाई कान देऊन बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची प्रयोगशाळेत झाडांच्या मुळांवर काम करणारी मुलगी बोलत होती.

“काय म्हणतात तुझी मुळं?”

“बरी आहेत, बाबा. मातीतला जीवाणू येऊन चिकटला की आधी त्यांना वाटतं, शत्रूच आला. लढायची जनुकं सगळी जागी होतात.”

“आणि तो भलं करायला आलेला असला तर?”

“तर मूळ हळूहळू ती जनुकं शांत करतं, वाढीची चालू करतं. त्याला जागा देतं.”

“किती वेळ लागतो?”

“दोनेक दिवस.”

“तुला तीन वर्षं झाली, मी दुसरं लग्न केल्यापासून.”

“मी त्यांच्याशी कधी वाईट वागले का?”

“छे. पाहुणीसारखी वागतेस. ती चहा देते, तू आभार मानतेस.”

“आईच्या कपाटाला त्यांनी हात लावला नाही, तेवढं मी पाहिलंय.”

“किल्ली लग्नाच्या दिवसापासून तिच्याकडेच आहे, तरी.”

“हे मला कधी सांगितलं नाहीत.”

“तू कधी विचारलंस?”

शिंपीणबाईंनी उगाच चष्मा पुसला.

आतून नर्स आली. “डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्या बाईंच्या घरचं कोण आहे?”

म्हातारे काठी चाचपू लागले.

“तुम्ही बसा, बाबा,” मुलगी उठली. “मी त्यांची मुलगी. थेंब दिवसातून किती वेळा घालायचे, ते मला सांगा.”