फटीतला सूर

रविवार, १२ जानेवारी २०२५; दुपारचे ३ वाजून ४० मिनिटे. स्थळ: भिसेगाव, कर्जत. यशवंत ठोंबरे यांच्या घराची पुढची खोली, जिच्यात दोन संगणक, एक जुना व्हीसीआर आणि एक गिटार आहे. शाळेत असताना मी ठोंबरे काकांकडे संगणक शिकले. ते गिटार वाजवतात हे मला तेव्हा कळले नव्हते. पुढे मी ध्वनिशास्त्राकडे वळले. परवा त्यांचा फोन आला आणि त्यांनी एवढेच विचारले, की तुझ्या मोबाइलवर सूर मोजता येतो का. त्यांचे बोलणे येथे त्यांच्याच शब्दांत ठेवले आहे. आकडे माझे आहेत.

चालू झाला का गं मोबाइल? बरं. मंग मुळापासून सांगतो, नायतर मधलंच काढलं तर तुला वाटंल काकाला म्हातारचळ लागला.

मी नेरळचा. नेरळ म्हणजे गाव नाय, वरच्या अंगाला, माथेरानच्या पायथ्याला आमचं घर. बाप माथेरानला हमाल, पावण्यांच्या बॅगा डोक्यावर घ्यायच्या आणि हॉटेलपर्यंत न्यायच्या, आणि संध्याकाळी उतरताना हॉटेलवाल्यांनी टाकून दिलेलं काय काय घेऊन यायचा, फुटकी खुर्ची, बिनकाट्याचं घड्याळ, आणि एकदा ही गिटार. हीच, ही बघ. पोटाला चीर, तार एकपण नाय. आई म्हणाली हे काय आणलंत, बाप म्हणाला लाकूड चांगलं हाय, चुलीत घाल. आईनं घातली नाय. आढ्याला टांगली आणि आत लसणाच्या गड्ड्या ठेवल्या, कारण हवा लागते ना आतून. तर काय सांगू तुला, आमच्याकडं गिटार म्हणजे लसणाची जागा, कितीतरी वर्षं. अजून पावसाळ्यात वास येतो हिला.

आता नजीर. नजीरचं नाव घेतल्याशिवाय माझं काय सांगताच येत नाय. नेरळच्या बाजारात त्याच्या अब्बाचं सायकलचं दुकान. मूळचे खालचे, कोकणातले, पण दोन पिढ्या नेरळला. तो बेंजो वाजवायचा. तुमी शहरातली माणसं बेंजो म्हटलं की वेगळंच काय समजता. आपला हळदीतला बेंजो, लाकडी पेटी, वर तारा, आणि टाइपरायटरसारखी बटनं. डाव्या हातानं बटनं दाबायची, उजव्या हातात पत्री, तिनं तारा छेडायच्या. मी शाळा सुटली की त्याच्या दुकानापुढं बसायचो. एक दिवस म्हणालो आमच्या घरी एक गिटार हाय. म्हणाला आण. आणली तर वास घेऊन म्हणतो, यशा, ह्याला फोडणी द्यायची का वाजवायचंय? चीर त्यानंच बुजवली, पंक्चरच्या सोल्युशननं. आणि तारा कुठल्या, तर त्याच्या बेंजोच्या. त्याच्या जुन्या उतरवलेल्या तारा माझ्या गिटारला.

आता सूर कसा लावायचा? शिकवणारा कोणी नाय. पुस्तक नाय. नजीर म्हणाला त्यात काय, चाकासारखं लावायचं. सायकलचं चाक सरळ करतात ना, तेव्हा एक एक स्पोक आवळायचा आणि बोटानं टणकन वाजवून बघायचा, सगळे सारखे बोलले पायजेत. आवळत जायचं, आवळत जायचं, आता तुटंल असं वाटलं की अर्धी आटी मागं. तो बेंजो तसाच लावायचा आणि मी त्याच्यावर गिटार लावली. आमाला वाटलं सगळी दुनिया असंच करते. खरंच सांगतो, आमाला वाटलं असंच असतं.

आणि वाजायचं गं! हळदीला आमची बेंजो पार्टी, ताशा एक, ढोलकी एक, खुळखुळा एक, नजीर आणि मी. नेरळ, कर्जत, चौक, पार खालापूरच्या पुढपर्यंत सुपाऱ्या. बेंजो पार्टीत गिटार म्हणजे त्या वेळी लोक बघायलाच यायचे. बाया म्हणायच्या तो लसूणवाला आलाय का? नजीरनं नाव पसरवलं होतं, दुसरं कोण.

एकदा कर्जतच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं मला बोलावलं. त्याचा गिटारवाला पळाला होता. मोठं स्टेज, कीबोर्ड. कीबोर्डवाले मास्तर म्हणाले काळी पाचमध्ये मिळव. मी तार छेडली. त्यांनी तोंड वाकडं केलं. मंग वरची पांढरी दाबली, म्हणाले ह्यात बघ. त्यातही नाय. परत काळी, परत पांढरी, आणि मंग सगळ्यांदेखत हसले, म्हणाले अरे बाबा, तू तर दोन पट्ट्यांच्या फटीत बसलायस. सगळे हसले. मी तार सैल केली, त्यांच्यात मिळवली, पण मला वाजवताच येईना. बोटं जागेवर पडायची आणि कानाला वाटायचं दुसऱ्याच कोणाचा हात हाय. उतरलो स्टेजवरून. नजीरला सांगितलं, मला वाटलं ह्याला वाईट वाटंल. तो चहा पीत होता. म्हणाला, फटीत तर फटीत, आपली जागा हाय ती, तिथनं कोण उठवत नाय.

खरं होतं. उठवलं नाय कोणी. पण दुसरं कोणी बसायलाही आलं नाय. त्या सुरात सगळ्या दुनियेत आमी दोघंच.

मंग डीजे आला. ते काय सांगायचं, सगळ्यांना माहीत हाय. हळदीला टेंपो उभा राहायला लागला, भिंतीएवढे स्पीकर, त्याच्यापुढं बेंजो म्हणजे डासाची गुणगुण. पार्टी फुटली. नजीर आखाती देशात गेला, वायरमनच्या कामाला. बेंजो संगं घेऊन गेला. जाताना म्हणाला, सैल सोडू नको रं तारा. तिकडंच गेला तो. हार्ट. माती पण तिकडंच. त्याच्या घरच्यांनी नंतर नेरळचं दुकान विकलं. म्हणजे बघ, मला कुठं जाऊन बसायचं म्हटलं तर जागासुद्धा नाय.

मला काम पायजे होतं. बायको म्हणाली तो नवीन कॉम्प्युटर क्लास निघालाय, जा. मी गेलो तर मॅडम म्हणाल्या पालकांनी बाहेर बसा. म्हटलं मॅडम, मीच विद्यार्थी. पोरं फिदीफिदी. पण टायपिंग लागलं तेव्हा मॅडम बघतच राहिल्या, कारण बोटं सुटी होती माझी, दहाच्या दहा. मला कीबोर्ड बघितल्यावर पहिलं काय आठवलं सांगू? नजीरची बटनं. मंग तिथंच शिकवायला लागलो, मंग दुरुस्ती, मंग हे दुकान, शाळेतल्या कॉम्प्युटरची देखभाल, खालापूरकडच्या फार्महाऊसवाल्यांचे कॅमेरे. पोरीला शिकवलं, ती बंगलोरला त्याच लाइनमध्ये. चांगलं चाललंय तिचं. रविवारी दिसते स्क्रीनवर. तिची आई गेल्यापासून जरा जास्त वेळ बोलते. मंग बंद करते, आणि स्क्रीन काळी झाली की त्यात माझंच तोंड.

आता ज्याच्यासाठी तुला बोलावलं ते. लोक लग्नाच्या जुन्या कॅसेटी घेऊन येतात, काका पेनड्राइव्हवर करून द्या. मी ते काम घ्यायला लागलो तेव्हा मनात एकच होतं. त्यात आमी असणार! आणि असायचोच गं. हळदीचा मांडव, बाया नाचतायत, आणि मागं कोपऱ्यात मी आणि नजीर. पण आवाज? आवाज नाय. कारण तुला माहीत हाय ना, त्या वेळी शूटिंगवाला कॅसेट मिक्सिंगला पाठवायचा आणि सगळा खरा आवाज पुसून वर सिनेमातली गाणी घालायचा. त्याशिवाय लोकांना लग्न झाल्यासारखं वाटायचं नाय. नजीरचा हात बटनांवर पळतोय, माझी मान हलतेय, आणि ऐकू काय येतंय तर सनई आणि कोणतरी हिरोईन. किती कॅसेटी बघितल्या. सगळ्यांत आमी मुके.

मंग मागच्या महिन्यात खालापूरकडनं एक ताई आली. तिच्या लग्नानंतर लगेच वडील आजारी पडले, त्या धावपळीत कॅसेट मिक्सिंगला गेलीच नाय, कपाटात राहिली. म्हणाली, काका, मागं चांगली गाणी टाकून द्या हां, नुसता गोंगाट हाय त्यात. म्हटलं टाकतो. ती गेली, मी व्हीसीआर लावला. जनरेटर, पोरांची रडारड, कोणतरी ओरडतंय हळद संपली, हळद आणा. आणि मंग बेंजो.

काय सांगू तुला. दार लावून घेतलं मी.

तिला गाणी टाकून दिली. सांगितलं तसं काम करावं लागतं. पण गोंगाट माझ्याकडं ठेवला, त्या कॉम्प्युटरमध्ये हाय. आणि दुसऱ्या दिवशी गिटार घेतली, म्हटलं आता बसतो त्याच्याशेजारी, आणि पहिलीच तार छेडली तर जुळंना. नजीर एकीकडं, मी एकीकडं. मी तार सैल सोडली नव्हती गं! तुटली की नवीन घातली, पण कानात त्याचा सूर धरून लावत होतो, रोज. मंग चूक कोणाची? कॅसेट खोटी बोलते म्हणावं तर दुसरा व्हीसीआर मागून आणून त्याच्यावर लावली, तिथं तेच. तेव्हा तुला फोन केला. मोज बाय. आधी त्याचा. किती? दोनशे चाळीस. आता माझी ही दुसरी तार. दोनशे बत्तीस.

हं. म्हणजे मीच उतरलो. कळलंच नाय. रोज लावत होतो आणि रोज थोडा थोडा खाली येत होतो, आणि सांगणारा शेजारी कोणी नव्हता.

नको, तू काय म्हणणार ते माहीत हाय मला. मीच शिकवलंय तुला. हा आवाज सिलेक्ट करायचा, इथं आकडा घालायचा, एक क्लिक, की नजीर खाली येतो माझ्यापर्यंत. चार दिवस बोट तिथं ठेवून बसलो होतो. नाय केलं. तो तिथं मांडवात बसलाय, मजेत हाय, त्याला कशाला उतरवायचं. मीच चढतो.

तार जुनी हाय, गंजलीय. तुटली तर तुटली. त्याचा आवाज लाव तू, मागं चालू ठेव. आता ऐक. आवळत जायचं. ऐकतेस, दोन्ही आवाजांच्या मधे कशी जोरात थरथर हाय? जवळ आलो की ती सावकाश होत जाते. हे बघ, कमी झाली. अजून थोडं. अजून. आता कशी, लाटेसारखी, संथ.

बस. इथंच राहू दे.

नाय, तुटायच्या भीतीनं नाय. आणखी आवळली तर थरथर जाईल, दोन्ही एकच वाजतील, आणि मंग मला कळायचं नाय की तो हाय का मी एकटाच वाजवतोय. एवढं अंतर असू दे. म्हणजे दोघं बसलेत हे ऐकू येतं.

मोज आता, लिहून घे, आणि नीघ, अंधार व्हायच्या आत स्टेशनला पोच. मोठी हो. मी बसतो जरा वाजवत.

शेवटची नोंद: दुसरी तार, २३८ हर्ट्झ.